ज्याचं अंग घेतलं, त्याचं काय?

कुरुळीचा ज्योतीराम भुताच्या पिक्चरला घाबरत नसे, चिडत असे. तेही सगळ्याच भुतांवर नाही. विहिरीतली बाई, चिंचेवरचा मुंजा, उलट्या पायांची हडळ यांच्याशी त्याचं काही वाकडं नव्हतं. ती बिचारी आपापल्या जागी राहतात, आपलं दुखणं सांगतात आणि निघून जातात. त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती एकाच तऱ्हेच्या गोष्टीनं. एक म्हातारा असतो. पैसा असतो, बंगला असतो, मरायची तेवढी तयारी नसते. मग बंगल्यावर एक गरीब, धडधाकट पोरगा कामाला येतो. म्हातारा त्याला पोटभर जेवू घालतो, नवे कपडे देतो, दंडाला ताईत बांधतो आणि अमावस्येला काहीतरी पुटपुटून त्याच्या अंगात शिरतो. तरणं अंग म्हाताऱ्याला, म्हाताऱ्याचं कुजकं अंग पोराला. आयत्या बिळावर नागोबा. पन्नास वर्षांनी तेही अंग म्हातारं झालं की दुसरा पोरगा. अंगं बदलत जातात, म्हातारा अमर राहतो.

चाकणला कंपन्यांच्या शेड पहिल्यांदा उठत होत्या, त्या काळात ज्योतीरामनं घराच्या खालच्या गाळ्यात व्हिडिओ सेंटर काढलं होतं. रंगीत टीव्ही, व्हीसीआर, खाली सतरंजी. पहिली शिफ्ट सुटली की लातूर-नांदेडकडची पोरं डबे हातात घेऊन तिथंच येऊन बसायची. असला पिक्चर लागला की ज्योतीराम दाराशी उभा राहून धुमसायचा. शेवटी म्हातारा जळून मरायचा, हिरोइन वाचायची, पोलीस यायचे, आणि पोरं शिट्ट्या मारत उठायची. हा दार अडवून विचारायचा, "बाकी सगळं झालं. पण ज्याचं अंग घेतलं, त्या पोराचं काय?" पोरं हसायची. त्या पोराला पिक्चरमध्ये धड नावसुद्धा नसायचं. त्याची आई गावाकडं वाट बघत असेल, हे कुणाच्या डोक्यातही यायचं नाही.

आता सेंटर नाही. त्या जागी चार मजली इमारत आहे, वरच्या तीन मजल्यांवर कंपनीतल्या पोरांना दिलेल्या खोल्या आहेत आणि पिक्चर मोबाइलवर येतात. कोरियन, तमिळ, इंग्रजी, सगळे हिंदीत बोलतात. मंत्राच्या जागी ऑपरेशन आलं, ताइताच्या जागी मेंदूला लावायची वायर आली, बाकी भानगड तीच. ज्योतीराम त्रेपन्न वर्षांचा झाला तरी बघतो आणि तावातावानं मोबाइल उशीवर आपटतो. त्याची बायको इंद्रायणी एकदा म्हणाली होती, "पिच्चरच हाय त्यो. तुमचं कुणी काय नेलंय?"

त्यावर त्यानं कूस बदलली होती. कारण नेलं होतं, आणि तो बारा दिवसांचा असतानाच नेलं होतं.

झालं होतं असं, की ज्योतीरामच्या जन्माआधी अकरा महिने त्याचे आजोबा वारले. त्यांचंही नाव ज्योतीराम. गाव त्यांना बापू म्हणायचं. माणूस गेल्यावर वर्षाच्या आत घरात मुलगा झाला तर गेलेलाच परत आला, ही आपल्याकडची ठाम समजूत. मग खूण शोधायची. बायकांनी बाळ उलटंपालटं करून बघितलं आणि पाठीवर एक लासं, म्हणजे जन्मापासूनचा डाग, शोधून काढलं. कुठल्याही बाळाच्या अंगावर नीट शोधलं तर काहीतरी सापडतंच, पण हे तिथं कोण सांगणार. बापूंच्या पाठीवरही तिथंच होतं म्हणे. बारशाला पाळण्यात वाकून कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ही आत्या सोजरबाई, म्हणजे बापूंचीच लेक. तिनं बाळाच्या कानात आपल्या बापाचं नाव सांगितलं आणि पाळण्याच्या पाया पडून ढसाढसा रडली. बारा दिवसांचं ते पोर एका झटक्यात तेवीस वर्षांच्या बाईचा बाप झालं.

आईची तर पंचाईतच झाली. सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, म्हणून तिनं पोराला जन्मभर नावानं हाक मारली नाही. "बापू, जेवायला या," म्हणायची. पोरगं अंगणातून धावत आलं की तिचा हात सवयीनं पदराकडं जायचा. गल्लीतल्या सगळ्या आया आपल्या पोरांना बडवायच्या आणि मग जवळ घेऊन समजवायच्या. ज्योतीरामला मात्र एक चापट कधी मिळाली नाही, कारण सासऱ्याला मारायचं कसं? आणि सासऱ्याला मांडीवर घेऊन कुरवाळायचं तरी कसं? गाव म्हणायचं, किती भाग्यवान पोर. त्या भाग्याचं काय करायचं ते त्याला कळत नसे.

बापूंना वांगं चालत नव्हतं, म्हणून याच्या ताटात वांगं आलं नाही. लग्नानंतर इंद्रायणीनं न विचारता भरली वांगी वाढली, तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी त्याला कळलं की आपल्याला वांगं आवडतं. बापूंचं सोनबाच्या घराशी बांधावरून वैर होतं, म्हणून सोनबाच्या नातवाशेजारी वर्गात बसायचं नाही. पुढं व्हिडिओ सेंटर काढलं, तर लोक म्हणाले, बापूंना तमाशाचा नाद होताच की. म्हणजे चांगलं केलं तर बापूंचा गुण, वाईट केलं तर बापूंची खोड. ज्योतीरामच्या वाट्याला स्वतःची म्हणावी अशी एक चूकसुद्धा आली नाही.

पण हे सगळं सोसण्यासारखं होतं. नवव्या वर्षी जे झालं, ते नव्हतं.

बापूंच्या मागं राहिलेली त्यांची बायको चतुराबाई अंथरुणाला खिळली होती. हा समोर आला की ती नीट बसायची, केस सावरायची. नातवाशी थोडंसं लाजूनच बोलायची. त्या दिवशी दुपारी तिनं घरातल्या सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. "मला ह्यांच्याशी बोलायचं हाय," म्हणाली. सगळे उठून गेले, दारसुद्धा ओढून घेतलं. ज्योतीराम हाफ चड्डीत उभा होता, हातात गोट्या होत्या.

"एक इचारते," चतुराबाई म्हणाली. "जत्रंच्या दिशी, भर चौकात, समद्या भावकीफुडं मला चपलीनं का मारलं? माझं काय चुकलं हुतं?"

"मी न्हाई मारलं," पोरगा म्हणाला.

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "आजून बी कबूल न्हाई. मरणाच्या दारात आले तरी कबूल न्हाई."

पोरानं दाराकडं बघितलं, दार बंद. म्हातारी हुंदके देऊन धापा टाकायला लागली, तशी त्याला वाटलं की ही आता मरणार आणि ते आपल्यामुळं. तो म्हणाला, "चुकलं." ती म्हणाली, "परत म्हना." तो परत म्हणाला. मग तिनं त्याचा हात आपल्या कपाळाला लावला आणि तिला झोप लागली. दोन दिवसांनी ती गेली. भावकीतल्या बायका म्हणाल्या, बघा, नवऱ्यानं मोकळं केलं म्हातारीला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मारणारा सुखानं मरून गेला होता, आणि ज्याला अजून नाक नीट पुसता येत नव्हतं तो पोर बायकोला मारणारा ठरला होता. चतुराबाईचं दुःख खरं होतं, तिची माफी मागितली जायलाच हवी होती. पण बापू जिवंत असताना त्यांना ती मागायला लावायची कुणाची छाती झाली नाही. मेल्यावर मात्र सगळ्यांना धीर आला.

आणि यातली खरी गंमत ज्योतीरामच्या बापानं केली. आबाजी म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. त्यांनीही स्वतःच्या पोराला अहो-जाहोच केलं. "बापू, तुमी सांगाल तसं," म्हणायचे. पोरगा 'हो' म्हणाला की ते बापूंचं बोलणं असायचं, 'नाही' म्हणाला की पोराचा पोरकटपणा. चाकणच्या कंपन्यांसाठी जमीन द्यायची वेळ आली, तेव्हा आबाजी त्याच्यापुढं मांडी घालून बसले, "तुमची जमीन हाय बापू, देऊ का?" तो नको म्हणाला. जमीन दुसऱ्याच महिन्यात गेली.

त्याआधी एक गोष्ट घडली होती, जी ज्योतीरामनं बायकोलाही लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितली. मोरवाडीच्या आयटीआयमधून तो फिटर झाला होता. हात चांगला होता. कानस धरली की मास्तर दुसऱ्या पोरांना बोलावून दाखवायचे. पिंपरीच्या एका कंपनीतून अ‍ॅप्रेंटिसचं कॉल लेटर आलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा एक कागद असा आला होता, जो बापूंना नव्हे, त्यालाच पाठवलेला होता. आबाजींनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि फाडला. आवाज न चढवता म्हणाले, "बापूंनी कदी कुणाच्या दारात चाकरी केली न्हाई. तुमाला शोभत न्हाई बापू." आणि वर पोराला वाकून नमस्कार केला. ज्याच्या पाया पडतात त्याच्यावर ओरडायचं कसं, ते ज्योतीरामला सुचलं नाही. मान सगळा आतल्या म्हाताऱ्याचा होता. कागद तेवढा त्याचा फाटला.

हे आबाजी गेल्या माघात वारले. ऐंशी वर्षांचे होते. ज्योतीरामनं अग्नी दिला. दहाव्याला पिंड ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. सोजरबाई आता शहात्तर वर्षांची, मोशीहून भावाच्या दहाव्याला आलेली. ती म्हणाली, "कसली म्हनून वासना ऱ्हायली न्हाई दादाची. सुटला." ज्योतीरामलाही त्या दिवशी हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

पंधरा दिवसांत सून प्राजक्ताला दिवस गेल्याचं कळलं आणि घरात कुजबुज सुरू झाली. आबा येणार. प्राजक्ता देहूरोडची, वडील तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, स्वतः निगडीच्या एका बँकेत. तिनं सातव्या महिन्यातच नाव ठरवून ठेवलं होतं, सिद्धेश. नवऱ्याला, म्हणजे ज्योतीरामच्या मुलाला, रणजीतला तेही आवडलं होतं. कार्तिकात देहूरोडला मुलगा झाला. सोजरबाई दवाखान्यात पोचली आणि बाळाचं दुपटं सोडून पहिल्यांदा तिनं खूण शोधली. उजव्या कानाच्या पाळीवर तीळ. आबाजींच्याही होता. "आला गं माझा दादा," म्हणून तिनं तिथंच हात जोडले. प्राजक्ताच्या आईनं बाळ ज्योतीरामपुढं धरलं. तो दोन पावलं मागं सरला आणि सर्दी झालीय म्हणाला. त्याला सर्दी झालेली नव्हती.

त्यानं रणजीतला बाजूला घेऊन सांगितलं, की हे नाव नको. रणजीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, सगळ्यांना खूश ठेवायची त्याची हातोटी. "बाबा, लोकांची भावना आहे," तो म्हणाला. "कागदावर आबाजी ठेवू, घरात काहीही म्हणू. काय फरक पडतो?" तुला पडत नाही, ज्योतीरामच्या ओठावर आलं, कारण तुझं नाव तुझ्या आईनं ठेवलंय आणि तेव्हा मीच भांडलो होतो. पण आपल्याला हे एवढं का लागतंय, ते पोराला सांगायचं तर सुरुवात कुठून करायची, हेच त्याला कळेना.

सव्वा महिन्यानं बाळ-बाळंतीण कुरुळीला आली. बारसं दुसऱ्या दिवशी. ज्योतीराम मंडपवाल्याला गाठायला फाट्यावर गेला आणि जागीच थांबला. फाट्यावर वीस फुटी फ्लेक्स लागला होता. 'आमचे आबा परत आले'. खाली गावातल्या तीसेक पोरांचे गॉगलवाले फोटो, शुभेच्छुक म्हणून. मधोमध आबाजींचा फोटो, जो दर निवडणुकीला वापरत तोच: फेटा, जाकीट, गळ्यात साखळी, जोडलेले हात. फक्त तोंडाच्या जागी बाळाचं तोंड बसवलं होतं. फोटोशॉपवाल्यानं काम सफाईनं केलं होतं. फेट्याखाली ते दात नसलेलं, डोळे अर्धवट मिटलेलं तोंड सगळ्या हायवेला हात जोडून उभं होतं. त्यानं आयुष्यात बघितलेल्या एकाही पिक्चरमध्ये असलं काही नव्हतं.

मंडपवाल्याला न भेटताच तो घरी परतला. इंद्रायणी शेजारी घुगऱ्यांचं पातेलं आणायला गेली होती. प्राजक्ता आत न्हाणीत बाळाचे कपडे धूत होती. हॉलमध्ये पाळण्यात बाळ जागं होतं. ज्योतीराम खुर्चीवर टेकला, आणि त्याच्या लक्षात आलं, की आत येताना आपण तंबाखूची पुडी खिशात लपवलीय आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसलोय. आबाजी समोर असले की तो असाच बसायचा. बाळानं कपाळाला आठी घालून त्याच्याकडं बघितलं. कानाच्या पाळीवरचा तीळ इथून दिसत होता.

"आबा," तो म्हणाला.

आवाज त्याचाच होता, पण त्याला तो अठरा वर्षांच्या पोराचा वाटला. मग तो थांबलाच नाही. "ते लेटर का फाडलं? एकदा मला इचारलं असतं तर काय बिघडलं असतं? माझं नाव हुतं त्याच्यावर. माझा हात चांगला हुता आबा, मास्तर सांगत हुते. मी कंपनीत गेलो असतो, आज फोरमन असतो, मला लोकांनी माझ्या नावानं वळखलं असतं. तुमी माझ्या पाया पडून माझा गळा दाबला. बोला की आता. आता का गप?"

बाळाची हनुवटी थरथरली. मग त्यानं तोंड वासलं आणि जिवाच्या आकांतानं रडायला सुरुवात केली. ज्योतीरामनं हात पुढं केला नाही. "आता रडून काय उपेग," तो म्हणाला.

प्राजक्ता ओल्या हातांनी धावत आली आणि तिनं बाळाला उचललं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. बाळाला खांद्यावर थोपटत ती म्हणाली, "बाबा, ह्यानं काय केलंय तुमचं? चाळीस दिवसांचाय हो तो."

चतुराबाईनं निदान नऊ वर्षांच्या पोराला धरलं होतं. ज्योतीरामनं मान न धरणाऱ्या जिवाला धरलं. जन्मभर तो पिक्चरमधल्या त्या बिनानावाच्या पोराच्या बाजूनं भांडत आला होता, आणि आज पाळण्यापाशी बसून पुटपुटणारा माणूस तो स्वतः होता. सोजरबाईचं काय, गावाचं काय, त्यानं स्वतःच आत्ता ह्या पोराच्या अंगात आपला बाप घातला होता. त्याला इतकी शरम वाटली, की सुनेपुढं मान वर करवेना. "चुकलं," एवढं त्याला म्हणायचं होतं. ते न म्हणता तो उठला, आतून आपल्या हत्यारांच्या पेटीतला कटर घेतला आणि बाहेर पडला.

भर दुपारी फाट्यावर शिडी लावून तो चढला. खाली फ्लेक्सवरचीच चार-पाच पोरं जमली. "काय करताय राव काका," एक जण म्हणाला, "आख्ख्या ग्रुपनं लावलाय." ज्योतीरामनं फ्लेक्स फाडला नाही. फेट्याच्या कडेकडेनं, हनुवटीच्या खालून कटर फिरवून त्यानं बाळाचं तोंड तेवढं कापून काढलं, गुंडाळी केली आणि काखेत मारून उतरला. वर आबाजींचा फेटा, जाकीट आणि जोडलेले हात जिथल्या तिथं राहिले, आणि तोंडाच्या जागेतून मागचं आभाळ दिसत होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं, की ज्योतीरामचं डोकं फिरलंय.

रणजीत संतापला. "मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत," म्हणाला. इंद्रायणीनं त्याला गप्प केलं. प्राजक्तानं मात्र रात्रीच्या जेवणाचं ताट सासऱ्याला स्वतः वाढून दिलं.

बारशाला हॉल बायकांनी भरला होता. बारशाला पुरुषांचं काम नसतं. ते बाहेर मंडपात खुर्च्यांवर बसतात आणि जेवणाची वाट बघतात. आत पाळणा सजला, बायकांनी कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरवलं. आता नाव. मान आत्याचा, म्हणजे ज्योतीरामची मुलगी दिव्या हिचा. ती चाकणच्या एका कंपनीत डिझाइनचं काम करते, त्या दिवशी सुट्टी घेऊन आली होती. ती पाळण्यावर वाकली, आणि शेजारी उभ्या सोजरबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "सांग, आबाजी."

"थांब दिव्या," ज्योतीराम दारातून म्हणाला, आणि बायकांमधून वाट काढत थेट पाळण्यापाशी येऊन उभा राहिला.

"आत्या, तुज्या दादाच्या दहाव्याला कावळा शिवला, तवा तूच म्हनालीस न्हवं, सुटला म्हनून? वासना ऱ्हायली न्हाई म्हनालीस. मग आता परत कसा आला? बाप दाखव न्हाईतर श्राद्ध कर म्हनत्यात. आपन श्राद्ध बी केलं आन् वर पाळन्यात बाप बी दाखवतोय."

एक-दोघींनी पदर तोंडाला लावला. सोजरबाई म्हणाली, "मग काय बापू, दादाचं नाव बुडवायचं?"

"नाव वेशीवरच्या कमानीला द्या. दगडाला द्या, दगडाला तरास व्हत न्हाई. पोराच्या अंगावर टाकू नका."

"नावानं काय हुतंय गं बाई एवढं," मागून कुणीतरी म्हणालं.

"काय हुतंय ते मला इचारा," ज्योतीराम म्हणाला. त्याचा आवाज आता चढला होता आणि बाहेर मंडपातल्या पुरुषांनाही ऐकू जात होता. "त्रेपन्न वरसं मी दुसऱ्याचा हाय. माझ्या आयनं मला नावानं हाक मारली न्हाई. जो मार मी दिला न्हाई त्याची माफी मी नवव्या वर्षी मागितली, ह्याच जागेवर, जुन्या घरात. तुमच्यातल्या काही जनी तवा दाराभायेर हुत्या. मला कुणी इचारलं न्हाई, पोरा, तुला काय पायजे. आन् काल मीच ह्या लेकरापाशी बसून माझ्या बापाचा जाब मागितला. म्हंजे बघा, मला समदं ठाव असून मी बी तेच केलं. उद्या ह्यो चालाय लागल, बोलाय लागल, आन् ज्याला ज्याला आबांनी दुखावलंय त्यो त्यो येऊन ह्याच्याफुडं हुबा ऱ्हाईल. आबा मेले. मी त्यास्नी अग्नी दिलाय. ह्यो आत्ता आलाय."

रणजीत दारात येऊन उभा राहिला होता. तो बापाकडं पहिल्यांदाच बघतोय असा बघत होता. शेवटी सोजरबाई म्हणाली, "मग तुमीच सांगा बापू, काय ठेवायचं?"

"मी न्हाई सांगनार. मी ठेवलं तरी माझंच कायतरी त्याच्यात शिरल. त्याच्या आयला इचारा."

सगळ्या प्राजक्ताकडं वळल्या. ती पाटावर बसली होती. तिनं एकदा सासऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सिद्धेश." दिव्या वाकली, बाळाच्या कानात तिनं नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणं पोरींनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली. हॉलमध्ये पुन्हा बोलणं सुरू झालं.

सोजरबाई डोळे पुसत शेजारणीशी बोलत होती. ती रागावलेली नव्हती. तिचा चेहरा उलट फुलला होता. "ऐकलंस न्हवं? बापू चावडीत अस्संच हुबं ऱ्हायचं, आन् अस्संच बोलायचं. धा मान्सांत कुनाची भीडभाड न्हाई. त्योच आवाज, तीच खोड. माझा बाप काय कुटं गेला न्हाई बाई."

ज्योतीरामनं ते ऐकलं. आयुष्यात एकदा, एकच गोष्ट त्यानं स्वतःची म्हणून केली होती आणि तीही त्या म्हाताऱ्याच्या नावावर गेली. तो तिच्याकडं वळलाही. पण तिच्या तोंडावरचं ते समाधान बघून त्याला कळलं, की आता आपण काहीही बोललो, गप्प बसलो, रागावून निघून गेलो, तरी ही बाई त्यात आपला बापच बघणार. त्याच्यापुरतं हे आता त्याच्याबरोबरच संपायचं होतं.

"बाबा, सिद्धेशला जरा धरा," प्राजक्ता म्हणाली आणि तिनं बाळ त्याच्या हातात दिलं. त्यानं आजवर त्याला घेतलं नव्हतं. मानेखाली हात कसा घालायचा ते तिनं दाखवलं. बाळ गरम होतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा बरंच हलकं.

सोजरबाई काठी टेकत जवळ आली. तिनं बाळाच्या कानाकडं बघितलं, मग तोंडाकडं, बराच वेळ.

"कुनावर गेलंय म्हनायचं मग ह्ये?" तिनं विचारलं.

"आजून ठरायचं हाय," ज्योतीराम म्हणाला.